बँकॉकचं रेशीम आणि जिम थॉम्पसन: कापडाच्या बाजूने एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्यात अधिकारी असलेला जिम थॉम्पसन युद्ध संपल्यावर बँकॉकला राहिला आणि थाई रेशमाचा मोठा व्यापारी झाला. विणकाम येत नसताना त्याला हे जमलं कसं? त्याने कापडात नेमकं काय बदललं? आपल्या पैठणीवाल्यांना त्यात घेण्यासारखं काही आहे का? आणि बँकॉकला गेलो तर काय बघावं, रेशीम घ्यायचं तर कसं पारखावं?’

थॉम्पसनवर जे लिहिलं जातं त्यातलं निम्म्याहून जास्त १९६७ मध्ये मलेशियात त्याच्या गायब होण्यावर असतं. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने बघायची ती त्याआधीची वीस वर्षं, १९४७ ते १९६७. या काळात त्याने रंग बदलले, पन्हा (कापडाची रुंदी) आणि लांबी बदलली, गिऱ्हाईक बदललं. बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत मात्र होतं तसं ठेवलं आणि माग विणकरांच्या घरातून हलवले नाहीत. बदलायचं काय आणि हात लावायचा नाही कशाला, ही निवड त्याला अचूक साधली. बाकीची हुशारी बाजारात विकत मिळते.

आधी माणूस. जन्म २१ मार्च १९०६, अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या ग्रीनव्हिल गावी. विणकाम येत नव्हतं हे खरं, पण कापड घरात नवीन नव्हतं. वडील कापड उद्योगातलेच. आईचे वडील जेम्स हॅरिसन विल्सन अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडचे सेनानी होते, आशियात हिंडलेले. थॉम्पसन १९२८ साली प्रिन्स्टनमधून पदवीधर झाला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकला, पण तिथली पदवी काही हाती लागली नाही. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याने वास्तुरचनेचंच काम केलं आणि एका बॅले मंडळाच्या संचालकांतही तो होता. नेपथ्य, वेशभूषा, दिव्यांखाली रंग कसा दिसतो, ही नजर त्याला तिथे मिळाली असणार. रेशीम विकायला ती हेरगिरीपेक्षा जास्त उपयोगी.

महायुद्धात त्याची नेमणूक ‘ओएसएस’मध्ये झाली. सीआयएच्या आधीचं अमेरिकेचं हे युद्धकालीन हेरखातं. उत्तर आफ्रिका, इटली, फ्रान्स असं करत तो १९४५ मध्ये सिलोनला, कँडीच्या तळावर आला. जपानच्या ताब्यातल्या थायलंडमध्ये ‘सेरी थाई’ म्हणजे मुक्त थाई ही गुप्त चळवळ होती. तिचा नेता प्रीदी फनोमयोंग राजप्रतिनिधीच्या पदावर बसून दोस्त राष्ट्रांना मदत करत होता. त्याचं सांकेतिक नाव ‘रूथ’. थॉम्पसनला हवाई छत्रीने ईशान्य थायलंडमध्ये उतरायचं होतं. तो विमानात असतानाच जपानच्या शरणागतीची बातमी आली आणि छत्रीऐवजी तो सरळ बँकॉकला उतरला. तिथल्या ओएसएस ठाण्याचा तो प्रमुख झाला. १ ऑक्टोबर १९४५ ला ते खातंच बरखास्त झालं आणि १९४६ मध्ये थॉम्पसन लष्करी सेवेतून मोकळा झाला.

हेरखात्यातल्या ओळखींवर धंदा उभा राहिला असं सर्रास म्हणतात. अर्धंच खरं. ईशान्येकडच्या, म्हणजे ईसान भागातल्या राजकीय पुढाऱ्यांशी त्याची मैत्री होती आणि रेशीमही त्याच भागातलं, हे खरं. पण नोव्हेंबर १९४७ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, प्रीदी परागंदा झाला, आणि मार्च १९४९ मध्ये त्या गटातल्या चार नेत्यांना पोलिसांच्या ताब्यात असताना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे ज्या ओळखी भांडवल म्हणून धराव्यात, त्याच दोन वर्षांत गळ्यातला धोंडा झाल्या. कंपनी टिकली ती कापडावर.

रेशमाआधी त्याने हॉटेलात हात घालून पाहिला होता. बँकॉकच्या नदीकाठच्या ओरिएंटल हॉटेलची युद्धात वाताहत झाली होती. ते पुन्हा उभं करणाऱ्या भागीदारांत तो होता, पण पटलं नाही आणि तो बाहेर पडला. तोवर रेशमाचे तुकडे जमवायचा नाद लागला होता.

आता रेशमाची तेव्हाची स्थिती. ‘मेलेलं थाई रेशीम थॉम्पसनने जिवंत केलं’ हे वाक्य दुकानाच्या पाटीवर ठीक आहे. ईसानमधल्या खेड्यांत बायका घरचे किडे पाळून घरचं नेसूचं विणतच होत्या. मेला होता तो शहरातला धंदा, कारण यंत्रावरचं परदेशी कापड स्वस्त पडत होतं. तो वाचवायचा एक प्रयत्न सरकारनेही करून पाहिला होता. राजा चुलालोंगकोर्नच्या काळात, १९०२ साली, जपानहून तोयामा कामेतारो हा रेशीमतज्ज्ञ आला. त्याने सयामी पिवळ्या कोषांचा आणि जपानी पांढऱ्या कोषांचा संकर करून पाहिला. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांत ते प्रयोग मोजले जातात. शास्त्राचं भलं झालं, सयामी शेतकऱ्याचं फारसं नाही. सरकारी उपक्रम दहा-बारा वर्षांत थंडावला. त्याने किडा सुधारायला घेतला होता. थॉम्पसनने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून, गिऱ्हाइकाकडून केली.

बँकॉकमध्ये विणकर उरले होते ते बान ख्रुआ वस्तीत. सेन सेप कालव्याच्या काठची ही चाम (मूळच्या कंबोडिया-व्हिएतनामकडच्या) मुसलमानांची वस्ती. त्यांच्या पूर्वजांना पहिल्या रामा राजाच्या काळात तिथे जमीन मिळाली होती. थॉम्पसनने त्यांच्याकडून काही वारांचे नमुने विणून घेतले आणि १९४७ मध्ये ते न्यूयॉर्कला नेऊन ‘व्होग’ मासिकाच्या संपादिका एडना वुलमन चेस यांच्यासमोर मांडले. जाहिरात विभागात नाही, घाऊक व्यापाऱ्याकडे नाही, थेट संपादिकेकडे. लगेच १९४८ मध्ये ‘थाई सिल्क कंपनी’ निघाली. पुढे १९५१ मध्ये ब्रॉडवेवर ‘द किंग अँड आय’ हे संगीत नाटक आलं, त्यातले कपडे आयरीन शराफने या रेशमाचे केले. थायलंडच्या राजाचं चित्रण असलेल्या या कथेवरचा १९५६ चा चित्रपट थायलंडमध्ये चालला नाही, त्यावर बंदी आली. पण थाई रेशमाची फुकट जाहिरात मात्र जगभर झाली.

इथून पुढे कापड.

थाई देशी किडा वर्षात अनेक पिढ्या देणारा. कोष लहान, पिवळाधमक, दोन्ही टोकांना निमुळता. एका कोषातून साधारण ३०० ते ४०० मीटर तंतू निघतो. जपानी किंवा चिनी पांढऱ्या कोषातून हजाराच्या वर. खेड्यातली धागा काढायची रीत पाहण्यासारखी आहे. चुलीवर भांडं, पाणी उकळीच्या जरा खाली, त्यात काही मुठी कोष. भांड्याच्या तोंडावर लाकडी चौकट आणि तिच्यावर छोटी फिरकी. बाई एका हाताने दुबेळकं काढलेली काठी कोषांत फिरवते आणि दुसऱ्या हाताने धागा वर ओढते. तो फिरकीवरून शेजारच्या टोपलीत पडत राहतो. किती कोषांचे तंतू एका वेळी वर येताहेत हे ती नजरेने ठरवते. चार कोष संपले की धागा बारीक होतो, नवी मूठ टाकली की जाड. कोषाच्या बाहेरच्या थरातलं सूत भरड आणि गाठाळ, आतल्या थरातलं मऊ आणि एकसारखं. आतल्याला तिकडे ‘माइ नॉय’ म्हणतात आणि त्याचा भाव वेगळा. (कोषातून निघालेला शिजका किडा तिथल्या तिथे खाल्ला जातो. वाया काहीच जात नाही.)

हे सूत बाण्यात घातलं की कापडावर आडव्या बारीक उंचसखल रेषा उमटतात. गिरणीच्या रेशमाची सवय झालेल्या माणसाला तो दोष वाटेल. थॉम्पसनने तीच खूण म्हणून विकली. सूत सारखं करण्याच्या मागे तो लागला असता तर जपानी गिरणीशी स्पर्धा करावी लागली असती, आणि त्या स्पर्धेत हातमाग पहिल्याच दिवशी हरतो.

ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, गोष्ट वेगळी. ताण्यावर दर फेरीला ओढ बसते, धागा फणीत घासतो. हातकताईचा गाठाळ धागा ताण्यात घातला तर तो जाड गाठीपाशी फणीत अडतो आणि बारीक जागी तुटतो. विणकराचा निम्मा दिवस सांधण्यात जातो. म्हणून व्यापारी थाई कापडात ताणा गिरणीत काढलेल्या एकसारख्या सुताचा आणि बाणा हातकताईचा ही जोडी बसली. यात किती सूत कुठे लागतं ते एका उदाहरणाने बघा. आकडे कंपनीचे नाहीत, हिशेब समजण्यापुरते आहेत. ४० इंच पन्हा, इंचाला १०० ताणे, म्हणजे ४,००० ताणे. १०० मीटर कापडाला आटणी (विणताना सूत आखडतं ती) आणि टोकाची तूट धरून १०५ मीटर ताणा. २१ डेनियरचे दोन पदर म्हणजे ४२ डेनियर (डेनियर म्हणजे ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन). ४,००० गुणिले १०५ म्हणजे ४,२०,००० मीटर. भागिले ९,०००, गुणिले ४२. सुमारे १,९६० ग्रॅम कच्चं सूत. त्यातला डिंक (तंतूवरचा चिकट थर) काढल्यावर १,४७० ग्रॅमच्या आसपास. बाणा इंचाला ५०, सूत २५० डेनियर: १०० मीटरला सुमारे १,९६,८५० फेऱ्या, प्रत्येक फेरीला आटणीसकट १.०७ मीटर सूत, वजन ५.८ किलोच्या आसपास. म्हणजे कापडाच्या वजनात पाचातले चार भाग बाणा. हाताला लागतो, डोळ्याला दिसतो तो बाणा. माग सुरळीत चालवतो तो ताणा. ताणा बाहेरून आणला म्हणून थाई रेशमाचं ‘थाईपण’ गेलं नाही, याचं कारण या हिशेबात आहे.

रंगाआधी डिंक काढायचा. रेशमाच्या तंतूवर सेरिसिनचा थर असतो, वजनाच्या साधारण पाव हिस्सा, देशी कोषात कधी थोडा जास्तच. पिवळा रंग बहुतांशी या थरातच असतो, त्यामुळे डिंक गेला की पिवळं सूत पांढरटावर येतं. खेड्यात हे राखेच्या निवळीने होतं. मोजून करायचं तर १ किलो सुताला ३० लिटर पाणी, लिटरला ५ ते ७ ग्रॅम तटस्थ साबण आणि १ ग्रॅम धुण्याचा सोडा, ९० ते ९५ अंश, तास ते दीड तास. सामू (पीएच) १० च्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर तंतूच कमजोर होतो. खळखळ उकळी आणायची नाही. लडी घासल्या की तंतूवर पांढरट लव उठते आणि गडद रंगात ती धुळीसारखी दिसते. पुढे काहीही केलं तरी जात नाही. पाणी जड असेल तर चुन्याचा साबण सुतावर बसतो आणि चकाकी मरते. डिंक अर्धवट राहिला तर रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो, आणि दोष रंगाऱ्याच्या माथी येतो. खरा दोष आदल्या भांड्यात झालेला असतो.

रंगांत जुनी थाई सामग्री म्हणजे तांबड्याला लाख, निळ्याला नीळ, पिवळ्याला फणसाच्या लाकडाचा गाभा, काळ्याला एबनीच्या जातीचं फळ. रंग सुंदर, पण त्याच छटेचा दुसरा घाणा (एका वेळी एका भांड्यात रंगवलेलं सूत) काढणं महाकठीण. थॉम्पसनने युरोपातले, मुख्यतः स्वित्झर्लंडचे पक्के रासायनिक रंग आणले. ‘पक्के रंग आणले’ यावर सगळे थांबतात, पण पुढची पायरी महत्त्वाची आहे. थाई रेशमाची ओळख म्हणजे दुरंगी झळाळी: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा, कापड हललं की रंग बदलतो. येवल्यात यालाच धूपछाव म्हणतात, तंत्र तेच. ताणा तांबडा आणि बाणा निळा असेल आणि तांबडा पहिल्याच धुण्यात सुटला, तर निळा मळकट जांभळा होतो आणि झळाळी कायमची जाते. एकरंगी कापडात रंग थोडा सुटला तर कापड फिकटतं एवढंच. दुरंगी कापडात ते वायाच जातं. गुलाबीत नारिंगी, निळ्यात हिरवा अशा धीट जोड्या लावायची मुभा पक्क्या रंगांमुळे मिळाली.

झळाळी उठायला आणखी दोन गोष्टी लागतात. सुताला पीळ कमी हवा, कारण जास्त पिळाचा धागा प्रकाश विखरून टाकतो. आणि दोन्ही रंग उजळपणात जवळपास हवेत. काळ्या ताण्यावर पिवळा बाणा घातला तर झळाळीच्या जागी मळ दिसतो.

रेशमावर आम्लरंग चढवायची साधी रीत: लड आधी ओली करून घ्यायची, पाणी सुताच्या ३० ते ४० पट, अॅसेटिक आम्ल सुताच्या वजनाच्या २ ते ३ टक्के, सुरुवात ४० अंशांवर. अर्ध्या-पाऊण तासात ८५ ते ९० अंशांपर्यंत चढवायचं आणि तिथे पाऊण तास ठेवायचं. घाईने तापवलं तर लडीचा बाहेरचा भाग रंग ओढून घेतो आणि आतला फिका राहतो. धातुयुक्त रंग धुण्याला आणि उन्हाला जास्त टिकतात, पण छटा जरा दबलेली येते. झगझगीत गुलाबी हवा असेल तर ज्या रंगांतून तो येतो त्यातले बरेचसे उन्हात फार लवकर उतरतात. नेसायच्या कापडाला चालतं, पडद्याला नाही. शिवाय रेशीम स्वतःच उन्हाने पिवळं आणि ठिसूळ होतं, म्हणून रेशमी पडद्याला मागून अस्तर लावायचंच, रंग कितीही पक्का असो.

पन्हा आणि लांबी. घरचं विणकाम नेसूच्या मापाचं असतं: एक वस्त्र, दोन-तीन मीटर, की ताणा संपला. न्यूयॉर्कच्या सजावटकाराला एकाच छटेचं, एकाच पन्ह्याचं पन्नास-शंभर वार लागतं. हाताने फेकायच्या धोट्यात (बाणा आरपार नेणाऱ्या साधनात) पन्हा विणकराच्या दोन हातांच्या आवाक्याएवढाच. थॉम्पसनच्या काळात पायाने चालणारे, जलद माग आले, ही नोंद त्याच्या प्रत्येक चरित्रात असते. पायाच्या पावड्यांनी ताण्याची फट उघडली की दोन्ही हात मोकळे होतात, आणि दोरीच्या झटक्याने धोटा पळवला की पन्हा हाताच्या आवाक्यावर अवलंबून राहत नाही.

लांब विणीत खरा घोटाळा छटेचा. वरच्या हिशेबातलं ५.८ किलो बाण्याचं सूत घ्या. भांडं एका वेळी किलोभर सूत घेत असेल तर सहा घाणे, आणि मोजमाप कितीही काटेकोर असलं तरी सहा छटा. कांड्या (धोट्यात बसवायच्या सुताच्या गुंडाळ्या) जशा येतील तशा विणल्या तर जिथे घाणा बदलला तिथे कापडावर आडवा पट्टा दिसतो. ताग्यात तो दिसत नाही; भिंतीएवढा पडदा टांगला की दहा फुटांवरून दिसतो. उपाय जुना आहे: दोन धोटे घ्यायचे, दोन वेगवेगळ्या घाण्यांचं सूत आलटून पालटून घालायचं, आणि एक घाणा संपत आला की पुढचा आधीच सुरू करायचा. वेळ जास्त लागतो. विणकर कंटाळा करतो, कारण मजुरी वारावर असते. दोन धोट्यांच्या कामाला वारामागे जास्त दर दिला नाही तर हा नियम फक्त कागदावर राहतो.

आता कंपनीची घडण. कारखाना काढून विणकरांना पगारी नोकर करणं सोपं दिसतं. त्याच्या हयातीत थॉम्पसनने ते केलं नाही. विणकर आपल्या घरी, आपल्या मागावर विणत आणि दर कापडावर मिळे. कंपनीच्या शेअर्सपैकी ५१ टक्के थाई हातांत होते. कारखान्याचा बांधीव खर्च नसल्यामुळे मागणी कमी झाली तरी कंपनी बुडत नव्हती. घरच्या मागाचा तोटा एकच, पण मोठा: चूक कापड पूर्ण झाल्यावर कळते.

त्यावर त्याने काढलेला तोडगा त्याच्या घराच्या जागेत आहे. १९५९ मध्ये त्याने सेन सेप कालव्यावर, बान ख्रुआच्या थेट समोरच्या काठाला, घर बांधलं. अयुथ्या भागातून आणि खुद्द बान ख्रुआतून जुनी सागवानी घरं उतरवून आणली, अशी सहा घरं जोडून हे एक केलं. पर्यटक त्यातल्या मूर्ती आणि चिनी भांडी बघतात. धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा तो कालवा. सकाळी होडीने पलीकडे गेलं की माग चालू असतानाच कापड हाताखाली येतं, आणि छटा चुकलेली असेल तर दोन वारांवर कळते, चाळीस वारांवर नाही. घरोघरी माग ठेवून माल घेणाऱ्या कुणालाही हे लागू आहे: आठवड्यातून एकदा गोळा करायला जाणारा माणूस फक्त दोष मोजतो. चालू मागावर पन्हा तीन ठिकाणी मोजावा, भिंगाखाली इंचाला बाणे मोजावेत, आणि छटा नमुन्याशी दिवसाच्या सावलीतल्या उजेडात ताडावी. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा बाहेर आल्या की अनेकदा फुटतात.

त्याचं अपुरं राहिलेलं काम म्हणजे सूत. मागणी वाढली, माग वाढले, पण तुती आणि किडे त्या वेगाने वाढत नव्हते. स्वतःच्या सुताची आणि मोठ्या विणकामाची व्यवस्था कंपनीने त्याच्यानंतर उभी केली, मुख्यतः नाखोन राचासिमा प्रांतातल्या पाक थोंग चाय भागात. दुसरं म्हणजे साध्या विणीच्या दुरंगी कापडावर कुणाची मालकी नसते. त्याच्या डोळ्यांदेखत बँकॉकमध्ये रेशमाची दुकानं पिकली. त्याच्याकडे उरलं ते रंगांची निवड आणि नाव.

२६ मार्च १९६७, ईस्टरचा रविवार. मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये मित्रांकडे, ‘मूनलाइट कॉटेज’ या बंगल्यात तो उतरला होता. दुपारी सगळे आडवे झाले असताना तो बाहेर पडला. सिगारेटी आणि लायटर मागेच राहिले. पाचच दिवसांपूर्वी त्याला एकसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. सैनिक, पोलीस, जंगल जाणणारे ओरांग अस्ली वाटाडे अशा शेकडो लोकांनी शोध घेतला, काही सापडलं नाही. १९७४ मध्ये त्याला कायद्याने मृत ठरवलं. हेरगिरी, अपहरण, वाघ, ट्रक असे सगळे तर्क झाले आहेत. त्यातला एकही पुराव्यावर उभा नाही. कंपनीचा कारभार त्याचा सहकारी चार्ल्स शेफील्डने हाती घेतला आणि ती चालू राहिली. मालक नाहीसा होऊनही रंगांची वही, विणकर आणि गिऱ्हाईक जागेवर होते, म्हणून.

पैठणीचं विचारलंत. पैठणी आणि थाई सळसळतं रेशीम यांची तुलना एका मर्यादेपलीकडे करू नये. पैठणीचा जीव पदराच्या हातविणीत आहे, तिथे वेग वाढवणं म्हणजे तिलाच मोडणं. पण अंगाचा साधा दुरंगी भाग हे वेगळं कापड म्हणून विकता येतं: उशांचे अभ्रे, पडदे, जाकिटांचं कापड. त्यासाठी लागतात त्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. प्रत्येक छटेचा क्रमांक आणि कृती वहीत हवी, सुताच्या तुकड्यासकट. रंग धुण्याला आणि उन्हाला तपासून घेतलेला हवा. पन्हा ठरलेला हवा आणि त्यात अर्ध्या इंचाहून जास्त फरक नको. सहा महिन्यांनी तोच क्रमांक सांगितला की तीच छटा मिळाली पाहिजे. हातमागाच्या बहुतेक मागण्या तुटतात त्या दुसऱ्या खेपेला, पहिल्या नाही.

बँकॉकला गेलात तर थॉम्पसनचं घर बघाच. राष्ट्रीय मैदानाच्या स्कायट्रेन स्थानकावरून चालत पाच मिनिटं. आत गेल्यावर भिंतींकडे लक्ष द्या. जुन्या घरांच्या भिंती त्याने उलट्या बसवल्या आहेत, बाहेरचं कोरीव अंग खोलीच्या आत आलं आहे. मग कालव्यापलीकडे बान ख्रुआत जा. तिथे आता विणणारी मोजकीच घरं उरली आहेत, पण माग चालू असेल तर बघू देतात.

रेशीम घेताना आधी मोराचा शिक्का शोधा. थाई सरकारची ही खूण चार रंगांत असते. सोनेरी मोर म्हणजे ताणा-बाणा दोन्ही देशी थाई किड्याच्या सुताचे, हाताने काढलेले आणि हातमागावर विणलेले. चंदेरी त्याच्या खालोखाल. निळा म्हणजे शुद्ध रेशीम, पण काढणी-विणाईच्या अटी सैल. हिरवा म्हणजे रेशमात दुसऱ्या तंतूंची मिसळ. शिक्का नसेल तर काठाजवळून बाण्याचा एक धागा ओढून मागा आणि उजेडात धरा. हातकताईचा धागा जागोजागी जाड-बारीक दिसतो. गाठी ठरावीक अंतराने येत असतील तर ते यंत्राचं काम. मग धागा जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. ताणा आणि बाणा दोन्ही वेगवेगळे जाळा, कारण ताण्यात पॉलिस्टर घालून बाणा रेशमाचा ठेवण्याची युक्ती जुनी आहे. शेवटी पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड दुरंगी घेऊ नका, एकरंगी घ्या.